पट्ट्यावरचा डाग

गाडी चांगली होती. हे सुशीलला पहिल्या दहा मिनिटांतच कळलं होतं, आणि पुढचं सगळं रामायण त्यामुळेच घडलं. गाडी भंगार असती तर तो खरं बोलून मोकळा झाला असता.

सुशील रोह्याचा. धाटावच्या एका केमिकल कंपनीत मेंटेनन्सला फिटर. बावीस वर्षं पंपांच्या आणि मोटारींच्या पोटात हात घालून त्याच्या नखांच्या कडा कायमच्या काळ्या झालेल्या. तसा तो काही गाड्यांचा मेकॅनिक नव्हे. पण नात्यागोत्यात पहिली चारचाकी घेतली ती त्याने, आणि वासरांत लंगडी गाय शहाणी या न्यायाने गाडीतलं सगळं सुशीललाच कळतं असं ठरून गेलं. ठरवण्यात सगळ्यांत पुढे त्याची धाकटी बहीण आवडी. तिला पेणजवळच्या गडब गावी दिलेली, नाथाच्या घरी. "माजा दादा नुसता गाडीचा आवाज ऐकंल आणि तिला काय झालंय ते सांगंल," असं ती शेजारणींना सांगायची. हे सुशीलच्या कानावर यायचं. त्याने कधी 'असं काही नाही गो' म्हटलं नाही. कोण म्हणतं?

नाथाचा पावसाळ्यात भात आणि त्यामागून वाल, आणि हायवेला लागून पाइप, पत्रे, खिळे यांचं दुकान. माणूस सरळ, बोलायला मोकळा. त्याला गाडी हवी होती ती आईसाठी. गिरजाबाईंचे दोन्ही गुडघे कामातून गेलेले. दर पंधरा दिवसांनी पेणला डॉक्टरकडे जावं लागे. एसटीची पायरी त्यांना चढवत नव्हती आणि हायवेवर रिक्षात बसलं की हाडं खिळखिळी होत. मग नाथाचा फोन यायचा, "दादा, जरा गाडी घेऊन येता का?" सुशील यायचा. नाइट शिफ्ट करून, डोळे चुरचुरत असतानासुद्धा यायचा. आल्यावर आवडी अंगणात धावत यायची, नाथा खुर्ची मांडायचा, शेजारीपाजारी डोकावायचे. चार माणसांत सुशील त्या वेळी कोणीतरी असायचा. एरवी कंपनीत त्याला 'ए फिटर' म्हणून हाक मारणारे सुपरवायझर त्याच्या पोराच्या वयाचे होते.

त्याची गाडी मात्र छोटी आणि बुटकी. गिरजाबाईंना आधी पाठ वळवून सीटवर धपकन बसावं लागे, मग एकेक पाय दोन्ही हातांनी उचलून आत घ्यावा लागे. त्या वेळी त्या ओठ घट्ट मिटून घ्यायच्या. सुशील दार धरून उभा असायचा.

तर नाथाला पेणात एका गाडीचा पत्ता लागला. शांतीताई म्हणून एक निवृत्त नर्स, त्यांची गाडी. त्यांचे यजमान गेल्या वर्षी वारले. ताईंना चालवता येत नाही, मुलगी लांब, गाडी दारात उभी. मधल्या अंगाची, उंच बसणीची. छोट्या गाडीसारखी चेंगरट नाही आणि जीपसारखी अवाढव्यही नाही. एकच गोम होती, कंपनीने ते मॉडेल चार वर्षांपूर्वी बंद केलं होतं. म्हणून नाथाने ठरवलं, दादा बघतील आणि दादा म्हणतील तसं.

एका रविवारी सकाळी मुलगी बघायला जावं तशी चौघं पेणला गेली. गिरजाबाईंनी ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. आवडीने पर्समध्ये हळदकुंकवाची पुडी टाकली होती, ठरलंच तर गाडीला लावून यायचं म्हणून. शांतीताईंनी दार उघडलं, गाडीची किल्ली सुशीलच्या हातात दिली आणि त्या पोह्यांच्या तयारीला आत गेल्या.

सुशीलने गाडीभोवती एक फेरी मारली. दारांच्या फटी सारख्या, म्हणजे ठोकलेली नाही. खाली वाकून पत्रा बघितला. खाडीच्या वाऱ्याने पेणच्या गाड्यांना खालून गंज चढतो, इथे माणसाने दरसाल रंग मारून घेतलेला. बॉनेट उघडून ऑइलचं झाकण काढलं, आतून बोट फिरवलं. बॅटरीच्या टर्मिनलवर ग्रीस होतं तेही अंगठ्याने चाचपलं. मग थंड इंजिन चालू केलं. धूर नाही, थरथर नाही. वडखळच्या रस्त्याला एक चक्कर मारून आला. क्लच हलका, खड्ड्यात गाडी रस्त्याला धरून. बंद मॉडेलचं काय, ते त्याने आधीच पनवेलला विचारून ठेवलं होतं: इंजिन तेच जे कंपनी अजून दुसऱ्या गाडीत घालते, फिल्टर आणि ब्रेक कुठेही मिळतात, फक्त दिवे आणि बंपर मागवावे लागतात, आठ-दहा दिवसांत येतात. उलट बंद झालं म्हणून गाडी लोक घेत नाहीत आणि शहाण्याला ती स्वस्तात पडते. हे सगळं त्याने नाथाला रस्त्यातच सांगितलं होतं. तोवर तो खरा माणूस होता.

"आई, बसून तर बघ," नाथा म्हणाला.

गिरजाबाई दाराशी गेल्या. सीट बरोबर त्यांच्या कमरेच्या उंचीची. त्यांनी नुसतं अंग टेकलं, वळल्या, आणि दोन्ही पाय आपसूक आत गेले. हाताने उचलावे लागले नाहीत. त्यांनी खात्री करून घेण्यासाठी उतरून पुन्हा तसंच केलं आणि लहान पोरीसारख्या हसल्या. "आवडी गो, बघ! कुणाचा हात नको लागला."

आवडीचे डोळे भरून आले. नाथा हसत सुशीलकडे वळला आणि मनापासून, अगदी मनापासून म्हणाला, "दादा, आता तुमची सुटका झाली. सारखा सारखा फोन करायचा म्हंजे आमालाच लाज वाटायची. आता तुमाला तरास द्यायला नको."

सुशीलला डोळ्यांसमोर दिसलं, गडबचं अंगण आणि त्यात ही उंच गाडी. आपली बुटकी गाडी बाहेर रस्त्यावर. लग्नाला, दवाखान्याला, साखरपुड्याला फोन नाथाला जाणार. आपल्याला 'दादा, तुमी पण या' एवढंच.

काही न सुचून तो मागच्या दारातून आत शिरला आणि राहिलेली एक तपासणी करायला लागला. ही त्याला कंपनीतल्या एका ड्रायव्हरने शिकवलेली. पावसाळ्यात आपल्याकडे नद्या फुगतात, गाड्या पाण्यात बसतात आणि मग धुऊनपुसून विकायला निघतात. सीट धुतात, गालिचे बदलतात, पण सीटबेल्टचा पट्टा गुंडाळीतून पार शेवटपर्यंत ओढून धुवायचं कोणाच्या लक्षात येत नाही. गाळ तिथे राहतो. सुशीलने पट्टा ओढला, आणखी ओढला, टोकापर्यंत आणला. शेवटच्या वितीत पट्टा कोरा होता, दुकानातून आणल्यासारखा. त्याने तो अंगठ्याखाली दाबून धरला होता. अंगठा उचलला तर खाली काळपट डाग.

"ते काय हाय, दादा?" नाथा खिडकीतून वाकून बघत होता.

माझ्याच हाताचं ग्रीस आहे, एवढंच म्हणायचं होतं. चार शब्द. सुशीलने डागाकडे बघितलं, नाथाकडे बघितलं, आणि तोंडातून निघालं ते दुसरंच.

"गाळ हाय."

"म्हंजे?"

"पाण्यात बसलेली हाय गाडी. पुराच्या."

एकदा बोलल्यावर पुढचं सोपं झालं. वायरिंग आज ना उद्या जाणार, बंद मॉडेल, वायरिंग मिळणार नाही, आईला घेऊन रस्त्यात बंद पडली तर काय कराल, असं तो बोलतच गेला. शांतीताई पोह्यांच्या बश्या घेऊन दारात उभ्या होत्या. "पाण्यात?" त्या म्हणाल्या. "ही गाडी कधी पाण्यात नव्हती. यांनी कधी..." सुशील त्यांना म्हणाला, "ताई, तुमी खोटं बोलता असं मी नाय म्हणत. पट्टा बोलतोय."

हे वाक्य त्याला त्या वेळी छान सुचल्यासारखं वाटलं होतं.

गिरजाबाई गाडीतून उतरल्या. उतरल्यावर त्यांनी सीटवरून एकदा हात फिरवला. पोहे कोणी खाल्ले नाहीत. परतताना नाथा दहा वेळा म्हणाला, "दादा, तुमी नसतात तर आमी फसलो असतो." गडबला आवडीने त्याला डबा भरून सोललेले वाल दिले, बिरड्यासाठी. भिजवून, मोड आणून, एकेक दाणा सोलायचा म्हणजे केवढं काम. ते गिरजाबाईंनी बसल्या जागी केलं होतं. रोह्याला बायकोने बिरडं केलं, आणि सुशील दोन घासांवर उठला. पित्त झालंय म्हणाला.

पित्त कसलं, लाज होती. पण लाजेचंही माणूस किती दिवस ऐकून घेतो? त्याने स्वतःची समजूत घातली की दुसरी गाडी मिळेल, ताईंना दुसरं गिऱ्हाईक मिळेल, मी काय कोणाचा खून केला नाही. आणि पंधरा दिवसांनी नाथाचा फोन आला तेव्हा त्याला आधी बरं वाटलं. बरं वाटलं याचीच मग जास्त लाज वाटली.

त्या दिवशी गडबच्या अंगणात गिरजाबाई त्याच्या गाडीत शिरताना दोनदा अडकल्या. दुसऱ्या खेपेला गुडघा डॅशबोर्डला आपटला. "लागलं काय, मावशी?" "नाय रे. म्हातारपन म्हंजे असंच," असं म्हणून त्यांनी पाय उचलून आत घेतला. पेणपर्यंत त्या गुडघ्यावर हात ठेवून होत्या आणि सुशीलच्या ड्युटीची, पोरांची चौकशी करत होत्या. सुशील 'हं हं' करत समोर बघून गाडी चालवत राहिला.

दवाखान्यात गर्दी होती. गिरजाबाईंचा नंबर लागला, त्या आत गेल्या, आणि बाकावर बसलेल्या सुशीलपुढे कोणीतरी येऊन उभं राहिलं. वर बघतो तर शांतीताई. हातात औषधांची पिशवी. त्या भांडणार, असं सुशीलला वाटलं आणि खरं तर थोडं हायसंच वाटलं. पण त्या त्याच्या शेजारी बसल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "दादा, बरं झालं भेटलात. तुम्ही जाणकार आहात म्हणून विचारते. रागावू नका."

"विचारा ना."

"गाडी कोण घेत नाही आता. पुरातली म्हणून बोभाटा झालाय पेणात. राहू दे, तिचं काही नाही. पण मला सांगा, पाणी किती वर आलं असेल? म्हणजे सीटपर्यंत?"

सुशीलने अंगठा मुठीत मिटून घेतला.

"त्या साली पाणी भरलं ना, तेव्हा मी दोन दिवस हॉस्पिटलात अडकले होते," ताई सांगू लागल्या. "मी फोन केला तर हे म्हणाले, गाडी वेळेवर वरच्या आळीला नेऊन लावली, तू काळजी करू नकोस. आता वाटतं, नसेल लावली. पाण्यात गेली असेल, आणि मी ओरडेन म्हणून गुपचूप धुऊन आणली असेल. एकतीस वर्षांचा संसार आमचा. माझ्याशी कधी खोटं बोलले नाहीत असं मी सगळ्यांना सांगत होते. आता झोपताना एकेक गोष्ट आठवते. ते म्हणाले ते खरं असेल का, हेही खरं असेल का. मेलेल्या माणसाला विचारायचं तरी कसं?"

एवढं बोलून त्या कसनुशा हसल्या. "तो डाग मी साबणाने घासला. जात नाही. गाळ असा असतो का हो?"

इथे सुशीलला पळवाट होती, आणि त्याला ती दिसली. 'माझा अंदाज चुकला असेल ताई' म्हणायचं. चूक कोणाची होत नाही? त्याने तोंड उघडलंसुद्धा. मग त्याने ताईंकडे बघितलं. त्या अजूनही त्याच्याकडे जाणकार म्हणून बघत होत्या.

"ताई, तो गाळ नाय," तो म्हणाला. "ग्रीस हाय. माज्या अंगठ्याचं. मी बॅटरी चाचपली व्हती त्याचं."

"आणि तुम्हाला ते नंतर कळलं?"

"नाय. तेव्हाच ठाऊक व्हतं. गाडीत कायबी खोट नव्हती. मी खोटं बोललो."

समोरच्या बाकावरचा एक माणूस वर्तमानपत्रातून डोकं काढून बघायला लागला. सुशीलचे कान तापले. ताई आता थोबाडीत मारतील तर बरं, असं त्याला वाटलं. पण त्यांनी डोळे मिटले आणि श्वास सोडला. "म्हणजे वरच्या आळीलाच होती," त्या स्वतःशी म्हणाल्या. "ते खरं बोलले होते." त्यांचा चेहरा एकदम हलका झाला. त्या आनंदात सुशीलला जागाच नव्हती. तो तिथे बसलाय हे त्या विसरल्या होत्या. त्याला शिव्या खाव्या लागल्या असत्या तर त्याने खाल्ल्या असत्या, पण हे बघवेना.

उठताना मात्र त्या म्हणाल्या, "मला सांगितलंत, ठीक झालं. पण माझं काय, मी तर परकी. ज्यांचा आपला माणूस म्हणून तुमच्यावर विश्वास आहे, त्यांना सांगा." आणि डॉक्टरांच्या दाराकडे बोट करून त्या निघून गेल्या.

गडबला येईपर्यंत सुशीलने चार वेळा बोलायला सुरुवात केली आणि चारही वेळा समोर ट्रक असल्याचं निमित्त केलं. गिरजाबाईंना घरात नेऊन बसवलं. आवडीने चहा टाकला. नाथा दुकानातून हात पुसत आला. सगळी जमली, तेव्हा सुशील उभ्या उभ्याच म्हणाला, "नाथाराव, ती पेणची गाडी घ्या. तिला पाणीबिणी काय लागलेलं नाय. तो डाग माज्या अंगठ्याच्या ग्रीसचा व्हता. मी खोटं बोललो."

नाथाने त्याच्याकडे बघितलं आणि तो हसला. "दादा, ती बाई भेटली वाटतं दवाखान्यात? रडली असंल बिचारी."

"भेटली. पण त्याचा..."

"तुमी म्हंजे फार मऊ माणूस. तिला बरं वाटावं म्हणून स्वतःवर घेताय. तुमाला अंगठ्याचा डाग आणि गाळ यातला फरक कळत नाय व्हय? कंपनीत मोटारी उघडता तुमी!"

"तेच सांगतोय, मला कळत व्हता."

"माजा दादा असाच हाय," आवडी चहा गाळता गाळता आतून म्हणाली. "दुसऱ्याचं वाईट त्याला बघवत नाय." तिच्या आवाजात एवढा अभिमान होता की सुशीलला खाली बसावं लागलं.

हे त्याने धरलंच नव्हतं. ओरडतील, हाकलतील, सगळ्याची त्याने तयारी केली होती. विश्वास ठेवणार नाहीत याची नाही. आता गप्प राहिलं तर चहा पिऊन, चांगला माणूस म्हणून, उलट आधीपेक्षा मोठा होऊन तो घरी गेला असता. त्याला स्वतःचीच अब्रू स्वतःच्या हाताने काढायची होती, आणि तीही पटवून पटवून.

"नाथाराव, ऐका," तो म्हणाला. "तुमी त्या दिवशी म्हणालात, आता दादाला फोन करायला नको. आठवतंय? त्याच्यासाठी बोललो मी. तुमच्या दारात तसली गाडी आली असती तर मला कोण बोलावणार व्हतं? माजी गाडी बघून कोण खुर्ची मांडणार व्हतं? एवढंच. दुसरं कायबी कारण नाय."

नाथा अजून हसतच होता, पण ते हसू आता कशावर ठेवावं हे त्याला कळेना. "काय तरीच," तो म्हणाला आणि आईकडे बघायला लागला. गिरजाबाई गुडघ्यावर तेल चोळत होत्या. त्यांचा हात थांबला.

आवडी आतून बाहेर आली. तिच्या हातात चहाचे कप तसेच होते. ती त्याची पाठची बहीण, एका ताटात जेवलेली. सुशील खरं बोलताना कसा दिसतो हे नाथाला ठाऊक नसेल, तिला होतं. तिने त्याच्या तोंडाकडे बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि तिच्या चेहऱ्यावरचा तो अभिमान हळूहळू उतरत गेला. सुशीलने मान खाली घातली नाही. तेवढी तरी शिक्षा पुरती घ्यावी म्हणून तो बघत राहिला.

तिने कप खाली ठेवले.

"दादा," ती म्हणाली, "आईंचे गुडघे तुला दिसत नव्हते?"

"दिसत व्हते," सुशील म्हणाला.